ढेपेची साखर

"पोट मागायला कुणी आलं, की आधी विचारावं, बाबा रे, तुझं स्वतःचं कुठे गेलं?" असं मास्तर तिला म्हणाले होते, आणि तिने ते हसण्यावारी नेलं होतं. मास्तर म्हणजे नाटकवाल्यांचे कपडे शिवणाऱ्या त्या कारखान्यातले जुने कटर. ओठांत टाचण्या धरून बोलायची खोड, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं टोचायचंच. त्यांच्या हाताखाली ती भरणं शिवायची. भरणं म्हणजे नटांची खोटी अंगं: खलनायकाचं पोट, म्हातारीचं कुबड, सातव्या महिन्याची नायिका. आत कापूस आणि फोम, वर जाळीचं अस्तर, आणि सगळ्यावर चौकटी-चौकटीची टीप, म्हणजे आतला ऐवज घसरून मांडीत उतरत नाही. दादा म्हणाला होता, मित्राचं नाटक आहे, मित्र माझ्याच अंगाचा आहे, तू माझंच माप घे. तिने घेतलं. कमरेला फीत फिरवली आणि चिठ्ठीवर आकडा टाकला: चाळीस. वर्षापूर्वी त्याच कमरेला बावन्न भरत होते. पण हातात फीत असली की तिला माणूस दिसत नाही, माप दिसतं. शिवाय दादा बारीक होतोय म्हणून घरात आनंदीआनंद होता. आई तर शेजारपाजारी फोन करून सांगत होती, ढब्ब्याला अक्कल आली एकदाची. तेव्हा मास्तरांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून जे काय म्हटलं, त्यावर तिने मनात म्हटलं, म्हाताऱ्याला नाटकं शिवून शिवून सगळीकडे नाटकच दिसतं. आणि कापूस पिंजायला घेतला.

ते मार्चमध्ये. मे महिन्यात दादा पुन्हा सुटलेला दिसला. पोट होतं तिथे आलं, वर दाढी वाढवलेली, उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. तिला चीड आली. दोन महिने धीर धरवला नाही याला! आईने कपाळाला हात लावला, तिच्या नवऱ्याने "कुत्र्याचं शेपूट" एवढंच म्हटलं आणि पेपर उलटला, आणि ती त्या दोघांबरोबर मान हलवत राहिली. तीन माणसं मिळून एका माणसाचा तिरस्कार करत असली की किती कुटुंबासारखं वाटतं.

मग तो रविवार. दुपारी दादा आला, नऊ महिन्यांच्या भाचीला पोटावर पालथी घालून सोफ्यावर आडवा झाला. पोरगी झोपली. तिला उचलून पाळण्यात ठेवायला म्हणून ही वाकली, पोरीच्या छातीखाली हात सरकवला, आणि हाताला टीप लागली. शर्टाच्या आतून, चौकटी-चौकटीची. आपल्या हाताची टीप माणूस आपल्या अक्षरासारखी ओळखतो. तिची टीप कोपऱ्यावर नेहमी एक टाका जास्त घेते, तो टाकाही लागला. तिने दादाकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेले होते, नाकपुड्या वरखाली होत होत्या, छाती वरखाली होत होती, आणि पोट मात्र जिथल्या तिथे. दुकानात ठेवल्यासारखं. तिने पोरगी उचलली, पाळण्यात ठेवली, चहा टाकला, "साखर किती?" विचारलं, तो "बिनसाखरेचा" म्हणाला, आणि तिने बिनसाखरेचा दिला. काही बोलली नाही. हेच तिला नंतर सगळ्यात जास्त खात राहिलं. ती बोलली नाही याचं कारण दया नव्हती, समजूतदारपणा नव्हता. किळस आली होती तिला. एवढा बत्तीस वर्षांचा बाप्या, आणि खोटं पोट बांधून बहिणीकडे चहाला येतो.

लहानपणी तो ढब्बू होता आणि ती सुई. ही नावं कुणी ठेवली आठवत नाही; घराला जसा वास असतो तशी ती होती. ताट समोर आलं की आई म्हणायची, "ढब्ब्या, आवर, साखर होईल," आणि तेच ताट पुन्हा भरायची. शाळेत त्याला धावायच्या शर्यतीत उभं करायचे ते इतरांना हसू यावं म्हणून, आणि तो पळायचाही तसाच, मुद्दाम हात उडवत, म्हणजे निदान हसणं तरी आपल्या ताब्यात. सुईला त्याची लाज वाटायची. ती त्याच्या मागून दहा पावलं चालायची. पुढे कॉलेजात त्याने तिला एकटीला सांगितलं की त्याला पुरुष आवडतात, तेव्हा ती रडली, त्याला जवळ घेतलं, जे जे वाचलेलं होतं ते सगळं बोलली, आणि मनात एक बारीक, नीच विचार येऊन गेला: जाडा तो जाडा, वर हे. तो विचार तिने कधी कुणाला सांगितलेला नाही. पण विचाराला काय, न सांगताही तो चेहऱ्यावर जाऊन बसतो.

आधी तो ज्या घोळक्यात गेला तो कोरीव पोरांचा होता. 'कोरीव' हा दादाचा शब्द. व्यायामशाळेत घडवलेली पोरं. पोटावर सहा कप्पे, आणि डोक्यात तेवढेही नसतील, असं ती म्हणायची. दादाने तिला फोनवर त्यांची ती माहितीची पानं दाखवली होती. चेहरा नाही, नाव नाही, गळ्यापासून कमरेपर्यंत नुसतं धड, खाटकाच्या दुकानात टांगल्यासारखं, आणि खाली ओळ: जाडे, बायकी, चाळिशीपार, यांनी तसदी घेऊ नये. जगाने ज्यांना दारात उभं केलं नाही त्यांना स्वतःचं घर मिळाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर दारावर पाटी लावली. दादा हसत म्हणाला होता, "बघ, एका ओळीत माझी तिन्ही लक्षणं. चाळिशीपार नाहीये, पण दिसतो." ती हसली नव्हती. तिने ते धड मोठं करून बघितलं होतं, आणि स्वतःच्या नकळत आपलं पोट आत ओढलं होतं. तेव्हा तिला सहावा महिना चालू होता. आत कोण आहे याचंही भान न ठेवता ओढलं.

मग त्याला ती दुसरी माणसं भेटली. गुळाला मुंगळे चिकटतात, त्यावरून त्यांनी आपली नावं पाडली होती: जाडे ते ढेप, आणि जाड्यांवर जीव टाकणारे किडकिडीत ते मुंगळे. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमायचे. आणि दादा, जो आयुष्यभर खुर्चीवर बसायच्या आधी खुर्चीची परीक्षा घ्यायचा, तो तिथे सैल शर्ट सोडून तंग शर्ट घालायला लागला, बटणांमधून पोट डोकावू द्यायला लागला. त्याच्या वाढदिवसाला त्याने तिला हट्टाने नेलं, पोरीसकट. तीन खोल्यांचं घर, खुर्च्या सगळ्या बिनहाताच्या, मुद्दाम. दारातच घरधनी उभा. विमा कंपनीतला साहेब, पिंपासारखा, त्याला सगळे ढेपराव म्हणत.

"या या ताई! आणि ही कोण? छोटी ढेप? अरे, हिला आत्ताच सभासद करून घ्या रे, गालच बघा!"

"पण हिची आई साफ मुंगळी आहे," कोणीतरी म्हणालं.

"ताई, तुम्ही कुणाकडून मग? आमच्याकडून की त्यांच्याकडून?"

"मी माणसांकडून," ती म्हणाली, आणि खोली खदखदून हसली. तिला ते हसणं आवडलं नाही. लागायला हवं होतं ते लागलंच नाही.

तिथेच तिने तो शब्द ऐकला. एक वकील आला होता, पूर्वीचा ढेप, आता गालफडं आत गेलेला, कपडे खुंटीवर टांगल्यासारखे. आत पाऊल टाकतो तोच ढेपराव ओरडले, "अरे अरे अरे! ढेपेची साखर झाली की!" त्यांच्यात साखर होणं म्हणजे वाळणं, बारीक, पांढरपेशा, कोरीवांच्या पंगतीला बसण्याजोगं होणं. "साखरेला वेगळा डबा असतो हो वकीलसाहेब," दुसरा म्हणाला. वकील हसला. दोन मिनिटं उभा राहिला, काय झालंय ते सांगण्यासाठी तोंड उघडल्यासारखं केलं, पण तोवर कुणीतरी गाणं लावलं होतं. तो कधी गेला कुणाला कळलं नाही. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं होतं? दादा. बटणाच्या फटीत बोट घालून, पोटाची खातरी करत. तिने ते बघितलं आणि ठरवून टाकलं: ही माणसं त्या कोरीवांपेक्षाही खालची. त्यांना निदान मार बसलेला नव्हता. यांना बसला होता, आणि त्यातून हे नेम धरायला तेवढे शिकले होते.

दादाचा जो माणूस होता तोही तिला त्याच दिवशी भेटला. बुटांच्या दुकानात विक्रेता. दिवसभर गुडघे टेकून लोकांच्या पायात बूट चढवायचा, आणि रविवारीही टाय. सगळे त्याला टायवाला म्हणत. त्याने निघताना तिच्या पोरीचे मोजे सारखे केले आणि खालूनच, गुडघ्यावरूनच, वर बघत म्हटलं, "ताई, माझा नंबर ठेवून घ्या. दादा आपणहून काही सांगत नाहीत हो." तिने म्हटलं, "लागला तर त्याच्याकडूनच घेईन." मुंगळ्याचा नंबर घेऊन काय करायचंय, असं तिला वाटलं होतं. गुळाचा खडा संपला की हा दुसरीकडे तुरुतुरु जाणार. ढेपरावांनी मात्र फोटो पाठवायचे म्हणून तिला त्यांच्या फोनवरच्या गटात घेतलं आणि नंतर काढायला विसरले. एकेचाळीस माणसं. ती बाहेर पडली नाही. पोरीला पाजता पाजता रोज वाचायची, नाक दाबून कुणी गटारात डोकवावं तशी. कोण किती भरला, कोण उतरला, कुणाची साखर झाली. मनात शेरे मारायची. अंगावर पोर, समोर आरसा, आरशात बाळंतपणाने पसरलेलं आपलं अंग, आणि हातात दुसऱ्यांच्या अंगांची चर्चा. पण हे सगळं एका ओळीत मांडून बघायची तिला कधी गरज वाटली नाही.

त्या रविवारनंतरच्या बुधवारी ती दादाकडे गेली. पोरीला आईकडे टाकून, बस बदलून, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दार उघडायला त्याने वेळ लावला. बनियनवर होता. तिने शिवलेलं पोट खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवलं होतं, बंद नीट गाठ मारून, आकार जाऊ नये म्हणून. आणि तिच्या शेजारी दादा उभा होता, पण त्याच्यापेक्षा ती खुर्चीच जास्त दादासारखी दिसत होती. गळ्याची हाडं वर आलेली. सुटलेली कातडी दंडावरून लोंबत होती. पलंगाभोवती पाण्याच्या बाटल्या, रिकाम्या, भरलेल्या, दहाबारा तरी.

"बसतं छान," तो म्हणाला. "तुझा हात चांगला आहे, सुई. टायवाल्याने मिठी मारली तरी कळत नाही."

"थट्टा पुरे. काय झालंय तुला?"

"साखर झालीय."

"होऊ दे की मग!" ती भडकलीच. "त्या मठ्ठ मुंगळ्यांसाठी तू हे कापसाचं गाठोडं पोटाशी बांधून हिंडतोस? त्या पिंपरावासाठी?"

तो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता पलंगावर बसला. "अगं बाई, त्यांची साखर नव्हे. रक्तातली." आणि बुटांच्या कपाटातून तपासणीचा कागद काढून दिला. तीन महिन्यांपूर्वीचा. आकड्याखाली लॅबवाल्याने लाल पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या.

"औषध?"

"नाही घेतलं."

"का?"

"आई काय म्हणायची? ढब्ब्या, आवर, साखर होईल. तीस वर्षं. मी प्रत्येक घास त्या वाक्याबरोबर गिळलाय. आता तिच्यासमोर जाऊन उभा राहू? सांगू, आई, जिंकलीस?"

"अरे पण औषधाने अंग परत भरतं. डॉक्टरने सांगितलं नाही?"

"थांबलो कुठे ऐकायला. कागद बघायच्या आधी तो काय म्हणाला माहितीये? वजन छान उतरलंय, अभिनंदन. हात पुढे केला त्याने. मी मिळवला. आयुष्यात पहिल्यांदा एक डॉक्टर माझ्यावर खूश झाला होता, मला वाटलं याचा मूड कशाला घालवा."

"आणि तो टायवाला? त्याला तरी?"

दादाने बाटली उचलली. अर्धी एका दमात प्यायला, तोंड पुसलं. "चार महिने मी त्याच्यासमोर शर्ट काढलेला नाही. सर्दी आहे म्हणतो. चार महिन्यांची सर्दी! तो गाढव वाफारा आणून देतो." मग खाली बघत म्हणाला, "पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या पोटावर डोकं ठेवून म्हणाला होता, इथे बरं वाटतं. तसं मला कुणी म्हटलं नव्हतं, सुई. तू पण नाही. आता पोट गेलं. त्याचं ते 'इथे' कुठे काढून देऊ मी?"

या वाक्यापाशी तिने थांबायला हवं होतं. तिला तेवढी अक्कल होती, पदवी होती, पोटची पोर होती. पण तिला राग आला, कारण 'तू पण नाही' हे खरं होतं, आणि खरं ऐकल्यावर तिच्या घरात सगळ्यांना रागच येतो. ती म्हणाली, "मर मग. ढेप होऊन मर."

"साखर होऊन मरण्यापेक्षा बरं," तो म्हणाला. "आणि तू कुणाला नावं ठेवतेस गं? पोरीला पाजताना अंगावर ओढणी कुणापासून घेतेस? घरात तर कुणी नसतं."

तिने पर्स उचलली. दार आपटलं नाही, नुसतं ओढून घेतलं. आपटण्याइतकीही किंमत द्यायची नव्हती.

गुरुवारी त्याने फोन उचलला नाही. नवरा म्हणाला, "मोठा आहे तो, उगाच डोक्यावर बसवू नकोस," आणि दौऱ्यावर गेला. आईला सांगावं, तर आई काय म्हणेल ते तिला आईच्या आवाजात पाठ होतं. शुक्रवारी सकाळी दहाला दादाचाच फोन आला. कालपासून उलट्या होतायत म्हणाला. शब्द एकमेकांना चिकटून येत होते, आणि दोन शब्दांमध्ये तो धाप टाकत होता, जिना चढून आल्यासारखी, पडल्या पडल्या. तोंडाला सडक्या सफरचंदाचा वास येतोय म्हणाला, आणि हसला. "फळावळ झाली आता माझी." मग म्हणाला, "जरा झोपतो." आणि नंतर घंटा नुसती वाजत राहिली.

तिने रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडच्या बाईने पत्ता घेतला, लक्षणं विचारली, तिचा आवाज एकदम कोरडा झाला, आणि म्हणाली, गाडी निघतेय, पण दार आतून बंद असलं तर? उघडणारं कुणी आहे? तोडायचं तर पोलीस येईपर्यंत थांबावं लागेल. ती पोरीला कडेवर मारून टॅक्सीत बसली. ड्रायव्हर म्हणाला दीड तास. दादाच्या घराची दुसरी किल्ली टायवाल्याकडे असायची, आणि त्याचा नंबर तिने घेतलेला नव्हता. ढेपरावांना फोन लावला. ते ऑफिसात, उचलेनात. मग तिने तो गट उघडला. एकेचाळीस नंबर, नावांच्या जागी टोपणनावं, चेहऱ्यांच्या जागी बूट, कुत्री, सूर्यास्त. यातला कुठला तो? पोरीने रडायला सुरुवात केली होती. तिने एका हाताने लिहिलं: दादाला साखर झाली आहे. कुणीतरी ताबडतोब त्याच्या घरी जा.

उत्तरं लगेच आली. हसरे चेहरे आले, रांगेने. 'झाली का शेवटी!' 'तरी म्हटलं दाढी का वाढवली.' 'ताई, साखरेला वेगळा डबा.' 'ताबडतोब कशाला, आता कोरीव जातील की त्याच्या घरी.'

ती बघत राहिली. राग येईल असं तिला वाटलं होतं, तो आला नाही. यात तिला नवीन काही नव्हतं. तिने स्वतः हेच केलं होतं, त्याच शब्दावर, बुधवारी, त्याच्या समोर उभं राहून. चाळीस माणसं त्या खोलीत हसत उभी होती, आणि अख्ख्या शहरात तेवढीच एक खोली होती जिथे दादा बिनहाताच्या खुर्चीत, परीक्षा न घेता बसला होता. पुढचं वाक्य लिहिलं की ती खोलीही गेली. तो वाचला, तर तिला जन्मात क्षमा करणार नाही. ढब्बू म्हणणारी आई त्याने सोडली नाही, दहा पावलं मागून चालणारी बहीण सोडली नाही, पण हे नाही सोसणार तो. टॅक्सी एका सिग्नलला थांबली होती. हसऱ्या चेहऱ्यांची रांग अजून वर सरकत होती. तिने पोरीला छातीशी लावलं, ओढणी न घेता, आणि लिहायला लागली.

हसू नका. साखर रक्तातली. तीन महिने त्याने औषध घेतलेलं नाही, कालपासून उलट्या आहेत, आता फोन उचलत नाही. तुम्ही बघता ते पोट खोटं आहे, ते मी शिवलं आहे. तुमच्यातून काढून टाकाल म्हणून तो ते बांधून यायचा. तुम्ही काढलंच असतं. मीही काढलं असतं. टायवाले, यातले कोण तुम्ही मला माहीत नाही. किल्ली तुमच्याकडे आहे. दुकानातून असाल तसे निघा. तिसरा मजला, डावीकडचं दार. खाली रुग्णवाहिका उभी असेल, त्यांना वर न्या. तो नको म्हणेल, तोंडावर चादर घेईल, तुम्हाला अंग दिसू नये म्हणून. घेऊ द्या. आणि बाकीचे जे कुणी हे वाचताय, ज्याला घर जवळ पडतं त्याने जा, वाट बघू नका की दुसरा जाईल. माझी वाटसुद्धा बघू नका, मला अजून तास लागेल. दाराशी पोचलात की आधी त्याला हाक मारा, मोठ्याने, आणि तो ओ देतो का तेवढं मला लगेच कळवा.